हिवाळ्यासाठी घरातला सायकल ट्रेनर: जुनी इमारत, लाकडी जमीन, तिसरा मजला. कोणता घ्यावा?

इसारकाठ

नमस्कार मंडळी,

म्युनिकमध्ये राहतो. उन्हाळाभर इसार नदीच्या काठाने आणि दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्यापर्यंत भरपूर सायकल चालवतो, पण नोव्हेंबर लागला की गाडी अडते. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. म्हणजे ऑफिसला जाताना अंधार आणि येतानाही अंधार. बर्फ पडला की रस्त्यावर मीठ आणि बारीक खडी टाकतात, आणि ते मीठ चेनची वाट लावतं. म्हणून ट्रेनर, म्हणजे सायकल बसवून घरात जागच्या जागी चालवायचं यंत्र, घ्यायचा आहे.

पुढच्या मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर अशा चारही बीआरएम (ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, यांनाच ब्रेव्हे म्हणतात) करायच्या आहेत. डोळ्यांसमोर २०२७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही राइड आहे. १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास. मागच्या खेपेला ज्यांनी आदल्या वर्षी जास्त लांबीची ब्रेव्हे केली होती त्यांना नोंदणी आधी खुली झाली होती, म्हणून २०२६ वाया घालवायचं नाही. आमच्याकडे पहिली २०० साधारण मार्चच्या शेवटी असते. तोवर पाय तयार हवेत.

परिस्थिती अशी:

माझी सायकल अ‍ॅल्युमिनियमची, डिस्क ब्रेक, शिमानो १०५ गिअर, ११ स्पीड, मागे थ्रू अ‍ॅक्सल (चाकाच्या आरपार जाऊन स्क्रूने घट्ट होणारा दांडा). बायकोलाही ट्रेनर वापरायचा आहे. तिची हायब्रिड ८ स्पीडची, क्विक रिलीजवाली (खटका ओढला की चाक सुटतं). घर भाड्याचं, इमारत शंभर वर्षांहून जुनी, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लाकडी तुळयांवरची जमीन. खाली एक वयस्कर जोडपं राहतं. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी आम्हाला इथलं सगळं शिकवलं, अगदी हीटरमधली हवा कशी काढायची तेसुद्धा. त्यांच्या झोपेचं खोबरं करून मला फिट व्हायचं नाही. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळावी लागते आणि रविवारी दिवसभर.

बजेट सगळं धरून ७०० युरो. कोणता घेऊ?

तळघर_शिकागो

आमच्याकडे सबर्बमधलं घर आहे, खाली काँक्रीटचं तळघर, त्यामुळे माझा अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू होणार नाही. तरी सांगतो. माझ्याकडे टायर रोलरवर टेकवायचा, द्रव भरलेला जुना ट्रेनर आहे. वीज नको, अ‍ॅप नको. वेग वाढवला की प्रतिकार आपोआप वाढतो, गिअर बदलून हवा तेवढा जोर लावायचा. क्रँकवर पॉवरमीटर आहे, त्यामुळे वॅट कळतात. इतक्या हिवाळ्यांत फक्त टायर बदलले. ट्रेनरसाठी वेगळा, कडक रबराचा टायर मिळतो तो लावा, नाहीतर रस्त्याचा चांगला टायर मधोमध सपाट होतो आणि खाली काळी भुकटी साठते.

पण आवाज! वेग वाढला की टायर घोंघावतो. वरच्या मजल्यावर टीव्ही बघणाऱ्यांना कळतं मी इंटरव्हल करतोय की नुसतं फिरवतोय. तिसऱ्या मजल्यावर हा प्रकार आणू नका.

काटेकोर

इसारकाठ, तुमच्यासाठी डायरेक्ट ड्राइव्हच. मागचं चाक काढायचं, सायकल थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) चढवायची. टायरच नाही, म्हणजे टायरचा आवाज नाही, घसरणं नाही, आणि दरवेळी रोलर किती घट्ट दाबलाय त्यावरून वॅट बदलणं नाही.

त्यातही लोक आकड्यांत अडकतात, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. वाहू किकर कोअर: वॅट मोजण्याची अचूकता अधिक-उणे २ टक्के, प्रतिकार १८०० वॅटपर्यंत, चढाचा भास १६ टक्क्यांपर्यंत. त्याचा थोरला भाऊ किकर: अधिक-उणे १ टक्का, २२०० वॅट, २० टक्के. टॅक्स निओ २टी: १ टक्का, २२०० वॅट, २५ टक्के. आता विचार करा. बीआरएमच्या तयारीत तुम्ही बहुतेक वेळ १५० ते २२० वॅटमध्ये असणार. २०० वॅटवर १ आणि २ टक्क्यांमधला फरक म्हणजे २ वॅट. सकाळी पोहे खाल्ले की नाही यानेही त्याहून जास्त फरक पडतो. २२०० वॅट ट्रॅकवरच्या स्प्रिंटरना लागतात. आणि १६ टक्के चढ पुरतो का? झ्विफ्ट या ट्रेनरला जोडायच्या अ‍ॅपमधला आल्प दु झ्विफ्ट हा २१ वळणांचा घाट सरासरी साडेआठ टक्क्यांचा आहे. पुरून उरतो.

म्हणून दुपटीचे पैसे अचूकतेसाठी घालू नका. मधल्या फळीतला कोणताही चांगला डायरेक्ट ड्राइव्ह घ्या: वाहू कोअर, एलिटचे मधले, जेटब्लॅक व्हिक्टरी. उरलेले पैसे पंख्यात घाला.

रानवाट

रोलर्सचं कुणीच नाव घेतलं नाही म्हणून. तीन नळकांड्यांवर मोकळी सायकल, तोल आपला आपण सांभाळायचा. पेडलिंग इतकं गुळगुळीत दुसऱ्या कशाने होत नाही. पण जुन्या लाकडी जमिनीवर घरघर होते आणि थकल्यावर दोन तास काढायला जीव जातो. वॉर्म-अपला उत्तम, तुमच्या कामाला नाही.

तुळई

मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर, काही वर्षं श्टुटगार्टला होतो, तुमच्यासारख्याच इमारतीत. आत्तापर्यंत सगळे आवाजावर बोलले. खालच्या आजी-आजोबांना त्रास होईल तो कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा कमी आणि कंपनांचा जास्त. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

डायरेक्ट ड्राइव्हचा हवेतून जाणारा आवाज फारच कमी असतो. चेनची खळखळ आणि पंखा, बस्स. तो जमीन ओलांडून खाली फारसा जात नाही. पण पेडल मारताना प्रत्येक पाय दर फेरीला एकदा जोर देतो. ९० च्या केडन्सला (म्हणजे मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्या) मिनिटाला १८० धक्के, म्हणजे सेकंदाला ३. ही झाली मूळ वारंवारता ३ हर्ट्झ, आणि तिच्या पटीतल्या ६ आणि ९ हर्ट्झलाही थोडी ऊर्जा असते. जुन्या लाकडी जमिनीची स्वतःची वारंवारता बऱ्याचदा याच पट्ट्यात, ५ ते १० हर्ट्झच्या आसपास सापडते. जुळलं की जमीन साथ देऊ लागते. खाली मग झुंबर हलतं, कपाटातल्या काचा किणकिणतात. गुणगुण ऐकू येत नाही, धप धप जाणवतं.

आता चटईबद्दल. रबरी चटई घालाच, वॉशिंग मशीनखाली घालायची जाड, दाणेदार रबराची मिळते तीच. ती ट्रेनरमधल्या पट्ट्याची आणि चेनची बारीक थरथर अडवते. पण ३ ते ९ हर्ट्झच्या धक्क्यांना ती अडवू शकत नाही. तेवढ्या मंद कंपनांसाठी खूप मऊ स्प्रिंग लागते, दोन सेंटिमीटर रबराचं ते काम नव्हे. योगा मॅट तर नुसती घाम टिपायला. दुकानदार 'कंपनरोधक' म्हणून काहीही विकतो, म्हणून सांगतोय.

मग काय करायचं? जागा बदलायची. तुळई मधोमध सर्वांत जास्त लवते आणि टोकाला, जिथे ती भिंतीवर टेकते तिथे, जवळजवळ लवतच नाही. अशा इमारतींत तुळया बहुधा रस्त्याकडच्या बाहेरच्या भिंतीपासून इमारतीच्या मधल्या जाड भिंतीपर्यंत जातात. लाकडी फळ्या बहुधा तुळयांना आडव्या ठोकलेल्या असतात, म्हणजे फळ्यांच्या काटकोनात तुळया. ट्रेनर खोलीच्या मध्ये ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला जितका चिकटवता येईल तितका चिकटवा. खाली दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा प्लायवूडचा मोठा तुकडा टाका, म्हणजे तुम्ही, सायकल आणि ट्रेनर मिळून शंभरेक किलोचा भार एका तुळईऐवजी दोन-तीन तुळयांवर वाटला जाईल. क्रम असा: जमीन, रबर, प्लाय, वर ट्रेनर.

आणि उभं राहून पेडल मारणं टाळा. बसून ९० ने फिरवताना आणि उभं राहून ६० ने दाबताना जमिनीवर पडणाऱ्या धक्क्यात खूप तफावत असते.

इसारकाठ

तुळई, हे वाचून उठलो आणि बैठकीच्या खोलीत टाच आपटून पाहिली. मध्यावर आपटली तर काचेच्या कपाटातले पेले वाजतात. खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर आपटली तर काही नाही! खिडकीजवळची जागा नक्की.

पावसाळी_पुणे

खिडकीजवळ ठेवताय हे वाचून बरं वाटलं, कारण मी त्यासाठीच लिहायला बसले होते.

आम्ही इकडे ट्रेनर पावसाळ्यात वापरतो. जून ते सप्टेंबर सिंहगड रस्त्याला पहाटे खड्डे दिसत नाहीत, पाणी भरलेलं असतं. तुमच्याकडे थंडी आहे म्हणून गरम होणार नाही असं समजू नका. शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातली जेमतेम २० ते २५ टक्के पेडलपर्यंत पोहोचते. १८० वॅट चाकाला देत असाल तर सहाशे वॅटच्या आसपास अंगातून उष्णता बाहेर पडते, आणि ट्रेनर ते १८० वॅटही शेवटी उष्णतेतच बदलतो. बंद खोलीत छोटा रूम हीटर लावून बसल्यासारखं होतं. बाहेर वारा असतो, आत नसतो. घाम वाळत नाही, हृदयाचे ठोके चढत जातात, आणि माणसाला वाटतं आपली फिटनेस गेली.

त्यामुळे पंखा आधी. लहान टेबल फॅन नको, जमिनीवर ठेवायचा मोठ्या पात्यांचा घ्या आणि समोरून छातीवर येऊ द्या. तुमच्याकडे तर खिडकी दोन बोटं उघडली की शून्य अंशाची हवा फुकट. आम्हाला आषाढात ते सुख नाही.

घामाचं दुसरं प्रकरण सायकलचं आहे. ट्रेनरवर तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि तो सगळा एकाच जागी गळतो: स्टेम, हेडसेट, हँडलबार. दोन पावसाळ्यांनंतर माझी हँडलबारची टेप बदलायला काढली तर खाली अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि नखाने लागतील असे खड्डे. मेकॅनिकने हँडलबार लगेच बदलायला सांगितला, कारण तो रस्त्यावर तुटला तर थेट दात जातात. तेव्हापासून हँडलबारवर जाड टॉवेल आणि राइड संपली की ओल्या फडक्याने पुसून कोरडं करणं हा नियम. वर्षातून एकदा टेप काढून बघायची. तुमची फ्रेमही अ‍ॅल्युमिनियमची आहे, जपा.

उत्तरवारा

स्वीडनहून लिहितोय. जरा वेगळं मत. ट्रेनर घ्या, पण बाहेर जाणं पूर्ण बंद करू नका. बीआरएम म्हणजे नुसते वॅट नव्हेत. रात्रीचं चालवणं, थंडीत बोटं आखडलेली असताना पंक्चर काढणं, गारठ्यात खाणं, दिव्याच्या उजेडात रस्ता वाचणं, हे खोलीत शिकता येत नाही. मार्चअखेरची २०० पहाटे शून्याच्या आसपास सुरू होऊ शकते.

सायकलसाठी खिळ्यांचे टायर मिळतात. जर्मनीत मोटारींना बंदी असली तरी सायकलला चालतात. जुनी सायकल असेल तर तिला लावा, चेन राइडनंतर पुसून तेल द्या. आठवड्यातून एक लांब राइड शनिवारी उजेडात बाहेर, बाकी आत. नुकताच गोठलेला पाऊस असेल त्या दिवशी मात्र घरीच, तिथे धाडस नको.

काटेकोर

उत्तरवारांशी सहमत. आता बायकोच्या सायकलचा प्रश्न, तो कुणी घेतलाच नाही.

नेहमीच्या पद्धतीत ट्रेनरवर तुमच्या ११ स्पीडची कॅसेट बसेल. तिची ८ स्पीडची चेन त्यावर नीट चालणार नाही, आणि दरवेळी कॅसेट बदलणं कुणी करत नाही. पहिल्या आठवड्यात उत्साह, मग एकाचाच ट्रेनर होतो. यावर आता चांगला उपाय आहे: झ्विफ्ट कॉग. कॅसेटऐवजी एकच दातेरी चकती. ८ ते १२ स्पीडची कोणतीही चेन तिच्यावर चालते. गिअर हँडलबारवरच्या बटणाने बदलायचे, चेन जागची हलत नाही, ट्रेनर प्रतिकार बदलून गिअरचा भास देतो. चेन एकाच सरळ रेषेत राहिल्याने आवाजही कमी. किकर कोअर या चकतीसकट मिळतो.

तुमचा थ्रू अ‍ॅक्सल बहुधा १४२ बाय १२ मिलिमीटर, तिचा क्विक रिलीज १३५. दोन्हीची अडॅप्टर डब्यात असतात, पण ती बदलावी लागतील. दोन मिनिटांचं काम आहे, छोट्या डबीत घालून ट्रेनरजवळच ठेवा, हरवली की आठवडा जातो.

एक पाहून घ्या: बटणाने गिअर बदलणं सगळ्या अ‍ॅपमध्ये चालत नाही. तुम्ही जे वापरणार त्याची यादी आधी तपासा. एर्ग मोडमध्ये मात्र गिअरचा प्रश्नच येत नाही, ट्रेनर स्वतःच ठरलेले वॅट धरून ठेवतो.

काटकसर

नवाच हवा असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये लोक ढिगाने ट्रेनर विकायला काढतात. आत्ता नोव्हेंबरात भाव चढे असतात, तरी कोअरची जुनी आवृत्ती निम्म्या किमतीत दिसते. बघायला जाल तेव्हा स्वतःची सायकल घेऊन जा. दहा मिनिटं चालवा, मग पेडल सोडून फ्लायव्हील (ट्रेनरमधलं जड फिरतं चाक) आपोआप थांबू द्या आणि कान देऊन ऐका. खरखर किंवा टकटक ऐकू आली तर बेअरिंग किंवा पट्टा गेलेला आहे. मूळ अडॅप्टर आहे का पाहा. समोरच फोनला जोडून फर्मवेअर अपडेट करून दाखवायला सांगा. डायरेक्ट ड्राइव्हचं वजन बऱ्याचदा १५ ते २२ किलो असतं, तीन जिने चढवायचाय हेही लक्षात असू द्या.

पल्लेदार

ट्रेनर निवडून झाला, आता त्यावर करायचं काय ते. मी काही बीआरएम केल्या आहेत, ६०० सकट, त्यावरून लिहितो.

आतल्या एका तासाला बाहेरचा सव्वा तास धरतात, कारण आत उतार नाही, सिग्नल नाही, पेडल थांबत नाही. त्यामुळे चार-चार तास आत बसायची गरज नाही. आठवड्याचे तीन दिवस एकेक तास मन लावून करा. त्यातला एक दिवस एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या जास्तीत जास्त वॅटच्या) ८८ ते ९४ टक्क्यांवर १५-२० मिनिटांचे दोन-तीन तुकडे. लांब पल्ल्याला याचा जितका उपयोग होतो तितका छोट्या स्प्रिंटचा होत नाही. बाकीचे दोन दिवस निवांत, बोलता येईल इतपत.

एर्ग मोडची एक खोड माहीत असू द्या. थकून केडन्स पडला की ट्रेनर वॅट टिकवायला प्रतिकार वाढवतो, त्याने केडन्स आणखी पडतो, आणि पाय चिखलात रुतल्यासारखे थांबतात. तसं व्हायला लागलं की लगेच एर्ग बंद करा, पाय मोकळे करा, ९० वर या आणि परत सुरू करा. झगडत बसू नका, गुडघे दुखतील.

सायकल जखडलेली असल्याने खोगिरावर एकाच जागी भार पडतो. दर दहा मिनिटांनी जरा उचला. तुळईंनी उभं राहून दाबायला मनाई केली आहे, पण हलकेच उचलून दहा सेकंद तसंच राहायला हरकत नसावी.

अ‍ॅपमध्ये झ्विफ्टला महिन्याला सुमारे २० युरो लागतात. मायव्हूश फुकट आहे आणि चांगलं आहे, २०२४ ची सायकलिंग ई-स्पोर्ट्स विश्वविजेतेपद स्पर्धा त्यावरच झाली. एकट्याला कंटाळा येत असेल तर दोन्ही करून बघा. मी तर अ‍ॅप न लावता रात्री जुनी नाट्यगीतं ऐकत दीड तास काढतो.

तुळई

हलकेच उचलायला हरकत नाही. आदळू नका म्हणजे झालं.

इसारकाठ

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. घेतला. वाहू किकर कोअर, चकतीवाला, नवा. सेकंडहँडचे दोन पाहिले. एकात खरखर होती आणि दुसऱ्याचा मालक फर्मवेअर अपडेट करून दाखवायला तयार होईना, म्हणून सोडले. प्लाय, रबर आणि जमिनीवरचा पंखा धरून बजेटात बसलं.

पहिल्याच दिवशी खालच्या आजोबांना सांगून ठेवलं आणि विनंती केली की मी अर्धा तास चालवतो, तुम्ही झोपायच्या खोलीत बसून पाहा. ते वही घेऊन बसले! बसून ९० च्या केडन्सला: काही नाही. ७० ला जोर लावून: 'अगदी पुसट'. मुद्दाम अर्धा मिनिट उभा राहिलो तेव्हा: 'दिव्याची काच वाजली', आणि वहीत वेळसुद्धा लिहिलेली. म्हणजे तुळईंचं गणित बरोबर निघालं. आमचं ठरलंय: सकाळी साडेसहाच्या आधी नाही, रात्री नवानंतर नाही, रविवारी नाही. उभं राहून करायचं ते शनिवारी दुपारी, ते दोघं फिरायला जातात तेव्हा. बायकोने कालपासून मला बाजूला सारून तिची हायब्रिड चढवली आहे.

एकच राहिलं. सायकल ट्रेनरवर असताना डिस्क ब्रेकचं काय करायचं? मागचं चाक नाही, चुकून ब्रेक दाबला तर?

काटेकोर

चाक काढलं की लगेच मागच्या कॅलिपरमध्ये (डिस्कला धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यात) दोन पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची पाचर घाला. नवीन सायकलबरोबर पिवळी किंवा लाल मिळते ती. नसेल तर जाड पुठ्ठा दुमडून घट्ट बसवा. त्याशिवाय लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि परत चाक घालताना डिस्क आत शिरत नाही. तसं झालंच तर प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पॅड हळूहळू मागे ढकला, स्क्रूड्रायव्हरने नको, पॅडला चरे पडतात. चाक उभं करून ठेवताना डिस्कची बाजू भिंतीकडे ठेवू नका, आणि डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका.

चेनला मेण किंवा कोरडं वंगण वापरा, नाहीतर प्लायवर काळे ठिपके पडत राहतील. मार्चमध्ये पहिल्या २०० च्या आधी चेन गेजने मोजून घ्या. ११ स्पीडची चेन झिजून अर्धा टक्का लांबली की बदलायची.

इसारकाठ

पुठ्ठा घातला. चेन गेजही मागवला.